मावशीचे फोटो, भाच्याचे गेम आणि एकच पीसी

माझा जुना पीसी २०१४ सालचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. तक्रार अशी काही नव्हती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यातच नोव्हेंबरात त्रिपुरारीला गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापूरला गेले. रात्रीची वेळ, वाळवंटी नदीच्या पाण्यावर दिव्यांच्या नौका, कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० च्या खाली येणं शक्यच नव्हतं. फोटो दाणेदार आले ते आलेच. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचं, दाणे काढणारं एआय डीनॉइज लावलं तर एका फोटोला दहा मिनिटांच्या आत कधी सुटका नाही. शंभरेक फोटो निवडले होते. मग म्हटलं, आता नवीन मशीन घ्यायलाच हवं.

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, फोंड्याला आमच्याकडेच राहतो. त्याला गेमसाठी पीसी हवाच होता, आणि बहिणीने अर्धे पैसे घालायची तयारी दाखवली. अर्धे पैसे आले म्हणजे अर्धं मतही आलं. दुसऱ्याच दिवशी त्याची यादी तयार. सगळ्यात वर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी प्रोसेसर.

"मावशी, याला ९६ एमबी कॅश आहे."

"बरं. मग माझा एक्सपोर्ट लवकर होईल?"

यावर तो जरा गप्प झाला. ही जास्तीची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) गेममध्ये फ्रेम वाढवते यात वाद नाही, पण ग्राफिक्स कार्डही तेवढं तगडं असलं तर. आमच्या पैशांत बसणारं कार्ड २५६० बाय १४४० च्या स्क्रीनवर आधी दमणार आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसणार. उलट शंभर रॉ फाइलींची (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोंची) जेपेग काढताना कोर जितके जास्त तितकं बरं, आणि साध्या रायझनमध्येही ते तेवढेच. शेवटी साधा रायझन ७ ७७०० ठरला: ८ कोर, १६ थ्रेड, ६५ वॉट आणि कूलर डब्यातच. वाचलेले पैसे कार्डाकडे वळवले. भाच्याची समजूत पटली ती सॉकेटवरून, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवरून. या एएम५ सॉकेटवर २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देत राहू असं एएमडीने जाहीर केलंय, तेव्हा नोकरी लागल्यावर त्याने स्वतःच्या पगारातून हवा तो एक्सथ्रीडी टाकावा. मदरबोर्ड म्हणून बी६५० चिपसेटचा, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट असलेला साधा बोर्ड घेतला. त्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नव्हतं.

कार्डावर मात्र आमचं चक्क एकमत झालं. डीनॉइजचं जवळजवळ सगळं काम ग्राफिक्स कार्डावर होतं, आणि एनव्हिडियाच्या कार्डांतले टेन्सर कोर (एआयच्या गणितासाठीचे खास भाग) तिथे कामाला येतात. जुन्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा ठेवून मी हे डोळ्यांनी बघितलं होतं: प्रोसेसर निवांत, कार्ड शंभर टक्क्यांवर. नव्या गेमना ८ जीबी मेमरी अपुरी पडते हे भाच्याचं म्हणणं. म्हणून एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी. इथे एक सांगून ठेवते. याच नावाने ८ जीबीचंही कार्ड मिळतं, आणि डबा दिसायला जवळपास सारखाच. दुकानात किंमत ऐकून "अरे, हे स्वस्त पडतंय" असं वाटलं की डब्यावरचा आकडा वाचायचा. एएमडीचं रेडिऑन ९०६० एक्सटी १६ जीबी यापेक्षा स्वस्त पडत होतं. नुसते गेम खेळायचे असते तर मी तेच घे म्हटलं असतं.

रॅमचं नशीब वाईट. मला ६४ जीबी हवी होती, कारण मी पॅनोरमा जोडते आणि तेव्हा फोटोशॉप मेमरीला बकासुरासारखं खातं. पण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. रॅमचं जे किट दिवाळीआधी मिळत होतं, तेच दुपटीच्याही वर गेलं. आज १६-१६ च्या दोन स्टिक आणि पुढे आणखी दोन, हा सरळ वाटणारा मार्ग एएम५ वर फारसा कामाचा नाही. चारही स्लॉट भरले की अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. म्हणून १६-१६ च्या दोन, ६००० वेगाच्या घेतल्या. भाव उतरले की या विकून ३२-३२ च्या दोन टाकायच्या. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, पीसीआयईच्या चौथ्या पिढीची १ टीबी पुरे. पाचव्या पिढीचे आकडे जाहिरातीत भारी दिसतात, पण लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची यादी) उघडताना तो फरक कळत नाही.

मॉनिटर मात्र मी कुणावर सोपवला नाही. पेनड्राइव्हवर स्वतःचे फोटो घेऊन पणजीतल्या दुकानात गेले. त्यात माशेल गावच्या चिखलकाल्याचा (चिखलात खेळायच्या उत्सवाचा) एक होता: देवकीकृष्णाच्या मंदिरासमोरचं मैदान, आषाढाचं काळं आभाळ, आणि चिखलाने माखलेल्या अंगांमधून फक्त डोळे आणि दात पांढरे. तो फोटो असा आहे की त्यात चिखलाच्याच सात-आठ छटा आहेत. दुकानातल्या पहिल्या मॉनिटरवर चिखल चक्क नारिंगी दिसला, कारण 'व्हिव्हिड' मोड चालू आणि ब्राइटनेस शंभरवर. दुसरा व्हीए नावाच्या प्रकारच्या पॅनेलचा होता. काळं आभाळ सुरेख, पण मान जरा कलती केली की चिखलाच्या गडद छटा बदलत होत्या. तिसरा २७ इंची, आयपीएस पॅनेलचा, १८० हर्ट्झचा (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा). त्याला एसआरजीबी (प्रमाणित रंगांच्या) मोडवर टाकलं, ब्राइटनेस उतरवला, आणि मैदान ओळखीचं दिसायला लागलं. ओएलईडीही होता, पण लाइटरूमची तीच ती पट्टी रोज तासन् तास एकाच जागी उभी राहणार, तिचा डाग पडायची भीती. भाच्याला १८० हर्ट्झ मिळाले, मला रंग. पुढे एका मैत्रिणीचा कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र) आणून ब्राइटनेस १२० कँडेलाच्या आसपास बसवला. आता लॅबमधून प्रिंट काळपट येत नाहीत. प्रिंट काळपट येतात म्हणून लॅबवर चिडणाऱ्यांनी आधी आपला स्क्रीन किती भगभगतोय ते बघावं.

त्याच दुकानात कॅबिनेट बघत होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हाचेवांगडा एसएमपीएस फुकट मेळटा." म्हणजे याच्यासोबत पीसीला वीज पुरवणारा डबा फुकट. फुकटचा एसएमपीएस गोव्यात तर मुळीच घेऊ नये. पावसाळ्यात लाईट जाते, येते, परत जाते. कधी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाईट नुसती लुकलुकते. एवढं महाग कार्ड अशा डब्याच्या भरवशावर सोडणं मला पटेना. हिशेब केला तर कार्ड १८० वॉट, प्रोसेसर जास्तीत जास्त ९०च्या आत, बाकी सगळं धरून साडेतीनशेच्या वर काही जात नाही. ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्डचा स्वतंत्र घेतला. यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज पडलं तरी सावरून घेणारा), ११०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा). व्हीए म्हणजे वॉट नव्हे, हे विसरायचं नाही. आमच्या या ११०० च्या डब्यावर ६६० वॉट लिहिलंय. आणि घरी आणल्यावर मशीनचा प्लग लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर लावला: फेज आणि न्यूट्रल २३४, फेज आणि अर्थ जेमतेम १४०. म्हणजे त्या खोलीतलं अर्थिंग नावापुरतंच. मागच्या अंगणात नवा खड्डा, रॉड, कोळसा, मीठ असा सगळा खटाटोप झाला, आणि शेजाऱ्यांना वाटलं आम्ही बोअरवेल खणतोय.

कॅबिनेट मेश पुढचा आणि धुळीची जाळी काढून धुता येईल असा घेतला. आमच्याकडची तांबडी धूळ फार चिवट. भाच्याने काचेची बाजू आणि रंगीत दिवे मिळवले, मी मागच्या रिकाम्या स्लॉटना झाकणं आहेत ना ते तपासलं. जुन्या पीसीत पाल शिरून मेली होती, तो वास मी अजून विसरले नाहीये.

जोडणी रविवारी जेवणाच्या टेबलावर केली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण सगळे प्लग आपापल्या जागीच बसतात. गोष्ट घडली ती बटण दाबल्यावर. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळा. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. भाच्याचा चेहरा उतरला, हात बटणाकडे जायला लागला. मी वाचून ठेवलं होतं की एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला बराच वेळ घेतो, म्हणून त्याला तिथून उठवलं आणि चहा ठेवायला लावला. चहाला उकळी यायच्या आत स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचा पडदा, आलं. आत जाऊन एक्सपो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं; ते केलं नाही तर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

विठ्ठलापूरचे फोटो आता अर्ध्या मिनिटाच्या आत एकेक निघतात. संध्याकाळी सात ते नऊ मशीन माझं, नऊनंतर त्याचं. परीक्षेच्या दिवसांत सगळा वेळ माझा, ही अट बहिणीने घातलीय. सगळी बिलं सिरियल नंबरसकट स्कॅन करून ठेवली आहेत. कार्डाचा आणि मॉनिटरचा खोका प्लास्टिकात गुंडाळून माळ्यावर टाकलाय, कारण वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर मूळ खोका मागतात, आणि उघडा पुठ्ठा इथल्या एका पावसाळ्यात बुरसटतो.