पित्ताची गोळी चालू आणि रिपोर्ट निगेटिव्ह

जठराच्या दुर्बीण-तपासणीसाठी आलेले चाळिशीचे एक गृहस्थ अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. वडील जठराच्या कॅन्सरने गेलेले. हातात जुनी फाइल, तीत ‘एच. पायलोरी निगेटिव्ह’, म्हणजे जठरात राहणारा हा जंतू सापडला नाही. औषध काय घेता विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी तेवढी." म्हणजे आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल, वर्षानुवर्षं, थेट दुकानातून. या गोळीला आपल्याकडे कुणी औषधात धरतच नाही.

तपासणी फसते ती इथेच. जठराचा तुकडा आम्ही युरियाच्या पिवळ्या किटमध्ये घालतो. जंतूचं युरिएज हे एन्झाइम युरियापासून अमोनिया करतं आणि पिवळ्याचं गुलाबी होतं. गोळीने जंतू मरत नाहीत. कमी होतात आणि अँट्रममधून, म्हणजे जठराच्या खालच्या भागातून, वर बॉडीकडे, म्हणजे मधल्या मोठ्या भागाकडे सरकतात. अशा वेळी अँट्रमचा एकच तुकडा घेतला तर किट पिवळंच राहू शकतं. म्हणून तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं.

गोळी थांबवून पुन्हा दुर्बीण केली. किटसाठी एक तुकडा अँट्रमचा, एक बॉडीचा. पॅथॉलॉजीला पाच: अँट्रमचे दोन, बॉडीचे दोन, वळणावरचा एक, वेगवेगळ्या बाटल्यांत. सगळे एका बाटलीत कोंबले की बदल कुठवर पसरलाय ते कळतच नाही. ही घाई मला अजिबात पटत नाही. किट गुलाबी झालं. जंतू होतेच, शिवाय दोन्ही भागांत इंटेस्टाइनल मेटाप्लेसिया, म्हणजे जठरात आतड्यासारखं अस्तर. कॅन्सरच्या वाटेवरची ही पायरी जंतू मारूनही सहसा मागे फिरत नाही. 1994 पासून हा जंतू कॅन्सरचं सिद्ध कारण मानला जातो, तरी वडिलांच्या आजारपणात ‘मुलांना तपासून घ्या’ असं या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लाची गोळी, चौदा दिवस. बिस्मथने शौचाला काळं होतं, हे आधीच सांगावं लागतं. नाहीतर लोक घाबरून मध्येच सोडतात. दुकानदाराने टेट्रासायक्लिनऐवजी डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) दिली होती, तिने यश कमी मिळतं. बायकोने चिठ्ठीशी ताडून पाहिलं म्हणून निभावलं.

औषध संपल्यावर चार आठवडे थांबून, आम्लाची गोळी बंद ठेवून श्वासाची चाचणी केली, निगेटिव्ह आली. रक्तातल्या अँटिबॉडीज इथे कामाच्या नाहीत, जंतू गेल्यावरही त्या कित्येक महिने राहतात. दुर्बीण मात्र ठरावीक काळाने करत राहावी लागेल.

त्यांचे दोन भाऊ अजून आलेले नाहीत. त्रास नाही तर तपासायचं कशाला, म्हणतात. निदान शौचाची अँटिजेन चाचणी (शौचात जंतूचे अंश शोधणारी) करा, असा निरोप वहिनींकरवी पाठवला आहे.