आमची वाटचाल: चार आसनी विमानातली पंचवीस मिनिटं

छोट्या विमानातून लोकांना आयुष्यात पहिल्यांदा वर नेऊन आणणं, एवढंच काम आमची फर्म करते. सुरुवातीला फेऱ्यांची यादी बरीच लांब होती. तासाभराची फेरी, दुपारची फेरी, तीव्र वळणांची फेरी, असं सगळं होतं. ती यादी आम्ही कमी करत आणली आणि परत येणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढत गेली. लक्षात राहणारी फेरी इंजिन सुरू होण्याआधीच बरीचशी ठरलेली असते, या मतावर आम्ही आज ठाम आहोत.

विमान निवडताना फार घोळ घातला नाही. सेसना १७२ हे १९५६ पासून बाजारात आहे, आजवर ४४,००० पेक्षा जास्त बनली आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक दोन्ही मिळतात. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे याचे पंख डोक्यावर आहेत. पंख खाली असलेल्या विमानात मागच्या सीटवरच्या माणसाला खिडकीतून बघावं तर निम्मा वेळ पंखच दिसतो. १७२ मध्ये पंखाला आधार देणारा तिरका दांडा सोडला तर खाली पाहायला आडकाठी नाही, आणि दोन्ही बाजूंना दारं आहेत.

चार सीट आहेत म्हणजे चार माणसं आणि भरलेल्या टाक्या चालतात, हा समज मात्र पहिल्यांदा सोडावा लागतो. १७२ एस मॉडेलचं टेकऑफचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान साधारण ७७० किलो धरलं (प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा असतो, तो त्याच्याच कागदपत्रांतून घ्यायचा), तर उरतात ३८७. वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर, लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १४४ किलो. पायलटचे ८० वजा केले की तीन प्रवाशांसाठी फक्त १६३ किलो राहतात. तीन मोठी माणसं यात बसत नाहीत. म्हणून टाकीच्या तोंडाशी आत दिसणाऱ्या खुणेपर्यंतच इंधन भरतो. ते दोन्ही टाक्या मिळून सुमारे १३२ लिटर, म्हणजे ९५ किलो होतं, आणि प्रवाशांना २१२ किलो मिळतात. तासाला पस्तीसेक लिटर जळतात, त्यामुळे पंचवीस मिनिटांची फेरी आणि वर तासाभराची शिल्लक हिशेबात आरामात बसते. भरलेलं इंधन काढणं कटकटीचं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कोण येणार आहे हे पाहून आदल्या संध्याकाळीच ठरवतो.

वजन बुकिंगच्या वेळी विचारतो आणि प्रत्यक्षात काट्यावर घेतो, कपडे, बूट, बॅग यांसकट. लोक सांगताना थोडं कमी सांगतात, त्यात गैर काही नाही, पण विमानाला खरा आकडा लागतो. काट्याचा पडदा पायलटकडे तोंड करून असतो, बाकीच्यांना आकडा दिसत नाही. एवढ्या साध्या गोष्टीनं अवघडलेपण जातं.

एकूण वजनाइतकंच ते कुठे बसतं याला महत्त्व आहे. दोन जड माणसं मागे बसली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, योक (विमानाचं स्टिअरिंग) हलका लागतो, तो जरा ओढला तरी नाक पटकन वर येतं आणि स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल तुटली, तर सावरणं अवघड जातं. म्हणून जड माणूस पुढे, हलकी दोघं मागे. कुटुंब असेल तर कोण कुठे बसणार हे आम्ही ठरवतो आणि कारण सांगतो. कारण सांगितलं की सहसा कोणी वाद घालत नाही.

वेळेच्या बाबतीत आम्ही सगळ्यात हट्टी आहोत. सूर्य उगवल्यापासूनचे दोन-तीन तास आमचे. पुढे जमीन तापते, पण सगळीकडे सारखी नाही. नांगरलेलं शेत, खडक, डांबरी रस्ता लवकर तापतो, झाडी आणि पाणी उशिरा. तापलेल्या भागावरून हवा वर उठते, शेजारी खाली बसते, आणि विमान त्यातून गचके खात जातं. पायलटला ते रोजचं असतं, पहिल्यांदा बसलेल्याला विमान पडतंय असं वाटतं. शिवाय उष्ण हवा विरळ असते. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांवरच्या धावपट्टीवर ३० अंश तापमान असेल, तर विमानाच्या लेखी ती धावपट्टी जवळजवळ ३,००० फुटांवर असते. त्या उंचीसाठी ठरवलेल्या मानक तापमानापेक्षा जास्तीच्या दर अंशाला सुमारे १२० फूट, असा ठोकताळा आहे. टेकऑफची धाव लांबते, चढण मंदावते. संध्याकाळी हवा पुन्हा निवते हे खरं, पण उतरताना सूर्य समोरच्या काचेत येणार असेल तर ती वेळही आम्ही देत नाही.

तासाची फेरी बंद केली ती मळमळीमुळे. पहिल्यांदा बसणाऱ्यांना त्रास व्हायला लागतो तो बहुधा वीस-पंचवीस मिनिटांनंतर. आणि कमी वेळात कमी मिळतं हेही खरं नाही. १९२० च्या डिसेंबरात, पुढे जगप्रसिद्ध वैमानिक झालेल्या अमेलिया इअरहार्टला फ्रँक हॉक्स या पायलटनं कॅलिफोर्नियात जी पहिली फेरी दिली, ती जेमतेम दहा मिनिटांची होती. विमानं चालवायची हे तिनं त्या फेरीतच ठरवलं.

आता जमिनीवरच्या तयारीबद्दल, कारण इथे आम्ही सर्वात जास्त वेळ घालवतो. सुरक्षेच्या सूचना सगळेच देतात. आम्ही त्यात आवाजांची माहिती घातली. प्रवासी घाबरतो तो बहुतेक वेळा अनपेक्षित आवाजाला. चढून झाल्यावर पायलट पॉवर कमी करतो, इंजिनाचा सूर उतरतो, आणि मागच्या सीटवरच्याला वाटतं इंजिन गेलं. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या, खाली घेताना मोटर घरघरते आणि नाक हलतं. धावपट्टीला टेकताना डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतून पिपाणीसारखा आवाज येतो. तिथे एक छोटं भोक आहे, वेग कमी होऊन पंख स्टॉलजवळ आला की तिथून हवा ओढली जाते आणि आतली पत्ती वाजते. उतरताना ती वाजणं अपेक्षितच असतं. हे तीन आवाज आधी सांगून ठेवले, की वर ते ऐकू आल्यावर लोक उलट खूश होतात, कारण त्यांना ते ओळखता येतात.

मग विमानाजवळ. इंजिन चालू असताना कुणालाही चढवत किंवा उतरवत नाही, याला अपवाद नाही. जाताना-येताना पंखाच्या मागून, प्रोपेलरच्या दिशेला पाऊलही नाही. सीट रुळांवर पुढे-मागे सरकते. जागा ठरली की शरीरानं पुढे-मागे ढकलून खिळ बसल्याची खात्री करायची. १७२ च्या सीटचे रूळ आणि खिळी झिजणं ही जुनी, नोंदलेली अडचण आहे आणि त्यांची तपासणी सक्तीची केलेली आहे. टेकऑफला सीट मागे घसरली, तर माणूस हाताशी येईल ते धरतो, आणि पुढच्या सीटवर हाताशी असतो योक. पट्टा प्रवाशानं स्वतःच्या हातानं दोनदा लावून उघडून दाखवायचा. दाराचं हँडल पुढे फिरवून हाताच्या टेकूशी सपाट बसलं पाहिजे. ते अर्धवट राहिलं तर दार टेकऑफनंतर फटकन उघडतं, दोन-तीन इंच, आणि वाऱ्याचा मोठा आवाज होतो. विमान व्यवस्थित उडत राहतं. धोका असतो तो पायलट दाराच्या नादी लागण्याचा. आमचा नियम असा: दाराला हात लावायचा नाही, नेहमीसारखी चक्कर मारून उतरायचं, खाली बंद करायचं.

सैल कपडे, लोंबणारा स्कार्फ, कॅमेऱ्याचा पट्टा हे सगळं बांधून किंवा आत खोचून. ऑक्टोबर १९०८ मध्ये फ्रान्समध्ये विल्बर राईटबरोबर गेलेल्या एडिथ बर्ग या प्रवासी बाईंनी स्कर्ट घोट्याशी दोरीनं बांधून घेतला होता. काळजी तीच आहे. मोबाइल हातात असेल तर त्याला मनगटाची दोरी हवीच, कारण तो निसटून पुढच्या रडर पेडलखाली (शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पायपट्टीखाली) गेला तर उतरताना पेडल अडतं.

हेडसेटचा माइक ओठांपासून एक बोट अंतरावर. लांब राहिला तर इंटरकॉम पहिला शब्द गिळतो आणि प्रवाशाला वाटतं आपलं कुणी ऐकत नाही.

फेरीत लोकांना सगळ्यात जास्त काय बघायचं असतं? स्वतःचं घर. शाळा, नदी, डोंगर नंतर. हेच काम सर्वात जपून करण्याचं आहे. घराभोवती फिरताना पायलटची नजर खाली जाते, घर पंखाखाली येत राहावं म्हणून पंखांचा कल वाढतो, नाक नकळत वर जातं, वेग उतरतो. ४५ अंश कलाच्या वळणात पंखांवरचं वजन १.४१ पट होतं, ६० अंशांत दुप्पट, आणि स्टॉलचा वेगही त्याबरोबर वर सरकतो. कमी उंचीवर हे सगळं एकत्र आलं तर सावरायला जागा राहत नाही. म्हणून आमचे आकडे पक्के आहेत. जमिनीपासून १,५०० फूट, वेग ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किमी), कल २० अंश. या वेगाला आणि कलाला वळणाची त्रिज्या सुमारे ६०० मीटर येते आणि घर पंखाच्या टोकाखाली छान दिसत राहतं. वारा पाठीमागून असेल त्या बाजूला कल थोडा वाढवावा लागतो, तरी ३० अंशांपुढे नाही. दोन चकरा, बस. घर ज्याचं, त्याच्या खिडकीच्या बाजूलाच वळण. पुढच्या सीटवरचा प्रवासी उजवीकडे असतो, तेव्हा उजवी चक्कर. पत्ता आधी घेऊन नकाशावर खूण करतो, शेजारची मोठी टाकी, पूल, मैदान अशी ठळक खूण शोधतो, नाहीतर दोन्ही चकरा घर शोधण्यातच जातात. मनुष्यवस्तीवर सर्वात उंच अडथळ्यापेक्षा किमान १,००० फूट वर राहायचा नियम बहुतेक ठिकाणी आहे, तो यात आपोआप पाळला जातो.

मळमळ ओळखायची ती शांततेवरून. बोलणारा माणूस गप्प झाला, जांभया द्यायला लागला, वरच्या ओठावर घाम आला, की पायलटनं पंख सरळ करायचे, हवेची झडप तोंडाकडे वळवायची आणि प्रवाशाला दूर क्षितिजाकडे बघायला सांगायचं. कानातलं संतुलन एक सांगतं आणि मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले डोळे दुसरं सांगतात, त्या गोंधळातून मळमळ येते. पुढच्या सीटवरचा असेल तर सरळ उड्डाणात योक हातात देतो. स्वतः चालवणाऱ्याला त्रास फार कमी होतो. पिशवी प्रत्येक सीटच्या खिशात असते, मागावी लागत नाही. उपाशी येऊ नका आणि भरपेट येऊ नका, हे बुकिंगलाच सांगतो. सर्दी असेल तर तारीख बदलतो. नाक चोंदलेलं असताना खाली येताना कानात दडे बसतात आणि दुखतं. एरवीही उतरणं मिनिटाला ५०० फुटांपेक्षा जलद करत नाही.

योक देण्याची रीत ठरलेली आहे. २,००० फुटांच्या वर, विमान आधी ट्रिम करून (योक धरून न ठेवताही सरळ उडेल असं जुळवून), "कंट्रोल तुमच्याकडे", "कंट्रोल माझ्याकडे" असं दोघांनी मोठ्यानं म्हणून. दोन बोटं पुरतात. पाय जमिनीवर, पेडलवर नाही. मुलांचे डोळे पॅनेलच्या वर यावेत म्हणून खाली घट्ट, न घसरणारी उशी लागते, आणि पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसला पाहिजे.

फोटोंबद्दल थोडक्यात. लेन्स काचेला टेकवू नका, इंजिनाची थरथर त्यात उतरते. गडद कपडे घाला, प्रतिबिंब कमी पडतं. पोलरायझिंग फिल्टर काढून ठेवा, प्लास्टिकच्या खिडकीत त्यानं रंगीत पट्टे दिसतात.

धंद्याच्या बाजूनं नव्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. छोट्या फेऱ्यांमध्ये विमानाचे तास कमी भरतात पण लँडिंग खूप होतात. टायर, ब्रेकचे पॅड, स्टार्टर आणि पुढच्या चाकाची थरथर रोखणारा डॅम्पर हे तासांच्या हिशेबाआधीच झिजतात, म्हणून आम्ही लँडिंगची वेगळी नोंद ठेवतो. दुसरं, लहान उड्डाणात इंजिनातलं तेल पुरेसं गरम राहत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही. आमच्या विमानाच्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, तेल तिथून लवकर निथळतं आणि गंज धरतो. फेऱ्या लागोपाठ लावणं आणि मधूनमधून तेल ७५ ते ९० अंशांवर ठेवून तासभर सलग उडवणं, हा त्यावरचा उपाय. तेल आणि फिल्टर ५० तासांनी बदलतो. सायलेन्सरला तडा गेला तर हीटरमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो, त्याला वास नसतो, म्हणून डिटेक्टर पॅनेलवर कायम असतो.

पायलट घेताना हात किती सफाईदार हे बघतोच, पण त्याला फेरी रद्द करता येते का हे जास्त बघतो. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग ही प्रवासी नेण्याची किमान अट बऱ्याच देशांत आहे. आम्ही ती तीस दिवसांवर आणली आहे. १७२ नं चाचणीत उतरून दाखवलेला सर्वाधिक आडवा वारा १५ नॉट, नवख्या प्रवाशाबरोबर आम्ही १० ला थांबतो. रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा नवी तारीख. पायलटचा मोबदला रद्द फेरीलाही मिळतो, नाहीतर नको त्या हवेत उडण्याचा मोह पगारातूनच तयार होतो.

सध्या आमचं लक्ष वयस्कर प्रवाशांकडे आहे. १९१० मध्ये ऑर्व्हिल राईटनं आपल्या वडिलांना वर नेलं तेव्हा मिल्टन राईट ८१ वर्षांचे होते, म्हणजे वयाची सबब चालत नाही. अडचण चढण्या-उतरण्यात आहे. दोन पायऱ्यांचं रुंद, रबर लावलेलं स्टूल उजव्या दाराशी, पुढची सीट पूर्ण मागे, आधी पाठ आत करून बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. हाताला धरायला दाराची चौकट द्यायची, दार नाही, कारण दार वाऱ्यानं हलतं. उतरताना उलट क्रम, आणि प्रोपेलर पूर्ण थांबून चावी काढून डॅशबोर्डवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवल्यावरच. यासाठी फेरीमागे दहा मिनिटं जास्त धरली आहेत, आणि सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्या त्यांच्यासाठी राखीव आहेत.