लेओबेन: पोलादाच्या गावात, नॅनोमीटरच्या मापानं

ऑस्ट्रियातलं लेओबेन हे मुर नदीकाठचं जुनं पोलादाचं गाव. त्यातल्या डोनाविट्झ भागात 1953 पासून एलडी पद्धतीनं, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजन फुंकून, पोलाद तयार होतं. हीच पद्धत पुढे आपल्या राउरकेल्यालाही आली. तिथलं सगळं टनांत. आम्ही मात्र धातूचा इतका छोटा भाग तपासतो की तो डोळ्यांना दिसतही नाही.

पुण्यात इंजिनिअरिंगला धातूचा कठीणपणा मोजायचं विकर्सचं यंत्र सगळ्यांनीच वापरलेलं असतं: हिरा दाबायचा, उमटलेली खूण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. आमचा नॅनोइंडेंटर म्हणजे त्याचाच फार नाजूक भाऊ. त्यात बल काही मिलिन्यूटनच असतं, म्हणजे एखाद्या ग्रॅमच्या वजनाहूनही कमी. खूण एवढी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून ती नेमकी मोजता येत नाही. म्हणून बल आणि खोली सतत नोंदवत राहायचं. हिऱ्याच्या तीन बाजूंच्या बर्कोविच टोकाचा आकार आधीच ठाऊक असतो, त्यावरून संपर्काचं क्षेत्रफळ काढायचं. खरी मेख आहे टोक मागे घेताना. दाबलेला धातू थोडा वर उसळतो आणि त्या आलेखाच्या सुरुवातीच्या चढावरून त्याची लवचिकता कळते. ऑलिव्हर आणि फार यांनी 1992 मध्ये मांडलेली ही रीत मला आजही फार सुंदर वाटते.

शत्रू एकच, तापमान. 1 सेंटीमीटर पोलाद 1 अंशानं तापलं तर सुमारे 120 नॅनोमीटर वाढतं. आमची खूणच कधीकधी तेवढी खोल असते. त्यामुळे नमुना बसवला की झाकण लावून वाट पाहायची. यंत्र ठीक आहे ना, हे आधी फ्यूज्ड क्वार्ट्‌झवर, म्हणजे गुणधर्म आधीच ठाऊक असलेल्या शुद्ध काचेवर, पाहायचं. तिच्या लवचिकतेचा आकडा 72 गिगापास्कलच्या आसपास आला तरच पुढे.

नीट पॉलिश केलेल्या टंगस्टनवर टोक टेकवलं की आलेख आधी लवचिक वाटेनं चढतो आणि मग अचानक, बल फारसं न वाढताच, टोक आत घसरतं. याला पॉप-इन म्हणतात. स्फटिकातले दोष, म्हणजे डिसलोकेशन्स, सरकल्यामुळे धातू एरवी सहज वाकतो. पण टोकाखालच्या इवल्याशा जागेत बहुधा एकही दोष नसतो. तो नव्यानं जन्मावा लागतो आणि त्याला लागणारा ताण धातूच्या सैद्धांतिक मजबुतीच्या जवळ जातो. मोठ्या तुकड्यात ही ताकद कधीच दिसत नाही. 2004 मध्ये संशोधकांनी निकेलचे काही मायक्रॉन जाडीचे खांब दाबून पाहिले, तेव्हाही तेच आढळलं: खांब जितका बारीक, तितका मजबूत. म्हणून चिपमधल्या तांब्याच्या तारेसाठी पुस्तकातला जाड सळईचा आकडा चालत नाही. तिथे मोजावंच लागतं.