पंचांग पाहून केलेले चित्रीकरण

मुंबई विद्यापीठाचा पूर्वीचा बीएमएम हा जनमाध्यमांचा पदवी अभ्यासक्रम २०१९-२० पासून बीएएमएमसी या नावाने चालतो. त्याच्या शेवटच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाने गटागटाने एक लघु माहितीपट करायला सांगितला होता आणि आमच्या गटाने बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातील मासेमारी हा विषय घेतला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांभोवती शहर उभे राहिले, हे नवी मुंबईत वाढलेल्या आम्हाला पाठ होते. पण त्या गावांतला माणूस होडी घेऊन खाडीत शिरतो तेव्हा नेमके काय करतो, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते. विषयाची मंजुरी, महाविद्यालयाचे पत्र, उसना ट्रायपॉड हे सारे यथावकाश मिळाले.

खरा प्रश्न वेळापत्रकाचा होता. आम्हाला होडी धक्क्यावरून सुटतानाचे दृश्य सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात हवे होते, आणि ज्या काकांची होडी होती त्यांना आम्ही पुढच्या आठवड्यातील तारखा विचारत होतो. त्यांनी तारखा बाजूला सारल्या आणि विचारले, “पोरी, तवा तिथ कंची हाय?” तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी आम्हाला तिथेच उभ्याउभ्या शिकवला. षष्ठीला साडेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दशमीला साडेसातच्या; दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे. ओहोटीला धक्क्याशी नुसता चिखल उरतो. तेव्हा सातचे ऊन आणि होडी सुटण्याइतके पाणी यांची गाठ नवमी-दशमीच्या आसपासच पडणार होती, आणि ती हुकली तर पुढच्या पक्षाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. ते भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस, त्यामुळे पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखे चढत नसे, पण काकांच्या होडीला ते पुरत असे.

लागोपाठच्या शॉटमधले सातत्य म्हणजे वर्गात कपडे, हातातली वस्तू आणि नजरेची दिशा इतपतच शिकवले होते. इथे पाणीही जुळवायचे होते. नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून वळते, त्यामुळे भरतीचे आणि ओहोटीचे चित्रण एकामागोमाग जोडले तर होडीचे तोंड क्षणात फिरलेले दिसते. सामान्य प्रेक्षकाच्या ते लक्षात येईल की नाही कोण जाणे, पण दिवाळ्यातल्या कोणाच्याही येईल. म्हणून आमच्या नोंदवहीत शॉट क्रमांक आणि टेक यांच्या शेजारी तिथी, पाण्याची पातळी आणि होडीचे तोंड असे आणखी तीन रकाने आखले. संकलनाच्या टेबलावर त्या वहीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

एकदा काका आम्ही पोहोचण्याआधीच निघून गेले. परतल्यावर त्यांना पुन्हा एकदा होडी बाहेर काढायला सांगावे का, यावर गटात बराच वाद झाला. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या माहितीपटात आत उजेड यावा म्हणून एका बाजूने उघडी इग्लू बांधून घेतली होती, हे आम्ही परीक्षेसाठी वाचले होते आणि आता त्याचे दोन्ही बाजूंनी दाखले दिले जात होते. शेवटी डिझेलच्या खर्चाने निकाल दिला. नीतीपेक्षा खर्चाने सुटलेले प्रश्न विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत बरेच असावेत.

आवाजाचे काम त्याहून जिकिरीचे होते. इंजिन सुरू असताना कॉलरला लावलेल्या माइकवर काकांचे एक अक्षरही नीट ऐकू येत नसे, म्हणून मुलाखत किनाऱ्यावर, ते जाळे विणत असताना घेतली आणि इंजिनाचा आवाज स्वतंत्र ध्वनिमुद्रित केला. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ आवरण चढवले. मुलाखत संपल्यावर कोणीही न बोलता मिनिटभर केवळ त्या जागेचा आवाज घ्यायचा असतो, नाहीतर संवादांच्या मधल्या तुकड्यांत पोकळी जाणवते. पण आम्ही सगळे गप्प का बसलो आहोत हे कळेना म्हणून शेजारच्या मावशी काळजीने विचारपूस करायला आल्या आणि ते मिनिट पुन्हा घ्यावे लागले.

पार्श्वसंगीत वापरायचे नाही असे ठरले, कारण इंजिनाच्या लयीपुढे कोणतीही धून उपरी वाटत होती. काकांची बोली मात्र जशीच्या तशी ठेवून खाली प्रमाण मराठीत उपशीर्षके दिली.

तोंडी परीक्षेसाठी मी लेन्स, शटरचा वेग आणि सेकंदाला पंचवीस फ्रेम यांची जय्यत तयारी करून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चित्रपट पाहून झाल्यावर नोंदवही उघडली, ‘भांग’ लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवले, आणि माझा उरलेला सगळा वेळ पाऊणपटीचा हिशेब समजावण्यात गेला.