गोष्टीनं पाणी थांबतंय होय ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगावकडच्या आमच्या खानापूर स्टँडजवळ चहाला उभा राहिलो की कुणी ना कुणी विचारतंच, "काय ओ मास्तर, आपण घाटावरची माणसं. चोर्ला घाट उतरून गोव्यात त्या खाडीकाठच्या लोकांस्नी गोष्टी सांगायला कशाला जाताय? गोष्टीनं पाणी थांबतंय होय ओ?"

थांबत नाही.

आधी नात्याचं सांगतो. माझी थोरली बहीण गोव्यात चोडण बेटावर दिलेली. चोडणला वळसा घालणारी मांडवी म्हणजे आपल्याच तालुक्यातली म्हादई. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडं जाते, ही पश्चिमेला पणजीकडं. दोघींचं माहेर एकच. (म्हादईच्या पाण्याच्या भांडणात आत्ता शिरत नाही, चहा गार होईल.)

चोडणला खाजणशेती. बांधाच्या आत भात, बाहेर खारं पाणी. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याची झडप. तिची लाकडी दारं भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतात नि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतात. दार कुजलं किंवा खेकड्यांनी बांध पोखरला की खारं आत शिरतं. मग पुढचे काही पावसाळे ते मीठ धुण्यातच जातात.

एकदा तिथल्या बैठकीत एका जाणकारानं पडद्यावर आलेख दाखवला. १९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वर आला, आणि वेग वाढतोय. लोक मान हलवत होते नि जांभया देत होते. दाजींनी हळूच विचारलं, "म्हणजे किती?" मी वीत पसरून दाखवली, "याच्यापेक्षा बोटभर कमी." दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी बांधावर. उधाणाची ओली रेघ आणि बांधाचा माथा यांच्यामध्ये वीत लावून मोजत बसलेले.

तेव्हा वाटलं, आता गोष्टच रचू. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटाचं मी वाचलं होतं. १९०७ च्या त्सुनामीच्या लाटेनंतर तिथल्या आज्या नातवंडांना सांगत आल्या, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं सरला की काही न घेता डोंगराकडं पळ. त्या लाटेला त्यांचा शब्द 'स्मोंग'. २६ डिसेंबर २००४ ला अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास वस्तीत सातच माणसं गेली. पण तीच गोष्ट उचलून नागपट्टणमला सांगून भागलं नसतं. तिथं धरणी तशी हादरलीच नव्हती, लाट मात्र आली. गोष्ट ज्या किनाऱ्याची, त्या किनाऱ्यालाच ती नीट लागू पडते. आणि खाजणाचं संकट तर पळून जाण्याचं नाहीच, वर्षाला केसभर वाढणाऱ्या पाण्याचं आहे.

मी हौसेनं बांध खाणारा एक राक्षस केला. पोरं खूश, मोठी माणसं उठून गेली. बहीण म्हणाली, "राक्षस काढ. बांध फुटला त्या रात्री कोण कोण धावलं ते घाल." घातलं. होडी कुणाची, चिखल कुणी उपसला, मानशीचं दार कुणी बसवलं. आणि ओसरीवर भांडण पेटलं! होडी त्यांची नव्हतीच. दार त्यानं नाही, त्याच्या चुलत्यानं बसवलं. बांध तिथं नाही, अलीकडं फुटला. मी गप्प बसून लिहून घेत होतो. रात्री दहाच्या सुमारास कुणीतरी म्हणालं, दार बसवणारे तिघेच होते. दोघे गेले, तिसऱ्याला आता दिसत नाही. ओसरी एकदम शांत. त्या मे महिन्यातच दोन पोरं त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसायला लागली.

आलेखाला कुणी "असं नव्हतं" म्हणत नाही, गोष्टीला म्हणतात. माझ्या लेखी तिचा उपयोग तिथं सुरू होतो. दुरुस्त न झालेली गोष्ट तर धोक्याचीच, आणि हे मी गोव्यात नाही, घरी शिकलो. मलप्रभेकाठच्या आमच्या गल्लीत थोरली माणसं सांगत, पाणी मारुतीच्या पहिल्या पायरीला लागतं नि माघारी जातं. पिढ्यान्‌पिढ्या कुणी ते तपासलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच भरवशावर आम्ही धान्य खालीच ठेवलं. पाणी पायऱ्या चढून गाभाऱ्यात गेलं. चार पोती तांदूळ गेला. आंबलेल्या भाताचा वास दिवाळीपर्यंत घरात होता.

हे परवा स्टँडवर सांगितलं. विचारणारा कप ठेवत म्हणाला, "गाभाऱ्यात कुठलं ओ, उंबऱ्यालाच होतं." चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. "उंबऱ्याला सकाळी होतं. दुपारी घंटेखालनं होडी गेली, मी होतो की तिच्यात."

"होडी कुणाची?" मी विचारलं, आणि खिशातली वही काढली.