ह्यो त्येंचा आवाज न्हवं

आषाढातला पाऊस होता. शहापुरातल्या माझ्या दुकानाची पायरी सकाळपासून ओलीच होती. एका ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर उघडून बसलो होतो, तेवढ्यात नंदगडच्या बाजूच्या एका खेड्यातला मुलगा आत आला. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. एका हातात युरियाच्या पोत्यात गुंडाळलेला कॅसेट डेक, दुसऱ्या हातानं आजीला धरलेलं.

"काका, डेकचा स्पीड गेलाय. बेल्ट नवा घातला, तरी आजोबांचा आवाज जाड येतो."

आजोबा गावच्या भजनी मंडळात पुढं उभं राहून गाणारे. ते गेले, मागं राहिल्या ट्रंकेतल्या कॅसेट. त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणून पोरानं स्वतःच कन्व्हर्टर बांधला होता. आवाजाचे आकडे करणारी पीसीएम १८०८ ही चिप, तिच्याकडून ते आकडे घ्यायला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, आणि सेटिंगसाठी चार बारक्या बटणांचा डिप स्विच. सोल्डरिंग नीटस होतं, एकही थेंब इकडचा तिकडं नाही. या वयात मला असं जमत नव्हतं.

त्यानं लॅपटॉपवर एक अभंग लावला. आजी लगेच म्हणाल्या, "ह्यो त्येंचा आवाज न्हवं."

"आजीला ऐकायला कमी येतं, काका," पोरगं हळूच म्हणालं.

मीही आधी डेकच्याच मागं लागलो. हेड स्पिरिटनं पुसलं, रबरी रोलर साफ केला. मोटरच्या मागच्या बारीक भोकात स्पीडचा प्रीसेट असतो, त्यात स्क्रूड्रायव्हर घातलासुद्धा. पण फिरवायच्या आधी हात थांबला, कारण आवाज जाड असला तरी हलत नव्हता. बेल्ट सैल झाला की सूर डुलतो, पेटीचा लांब स्वर पाण्यासारखा हलतो. इथं सूर खाली होता, पण ठाम होता. तो स्क्रू फिरवला असता तर डेक जोरात आणि कन्व्हर्टर हळू, असं दोन चुकांचं गणित जुळून आवाज बरोबर वाटला असता. मग खरा दोष कुणाला कधी सापडलाच नसता.

म्हणून कन्व्हर्टर बाजूला काढला आणि डेकलाच हेडफोन लावला. मी भजनात पेटी धरतो, दुकानात एक जुनी पेटी असतेच. कॅसेटमधला षड्ज माझ्या पांढरी चारशी तंतोतंत मिळाला. हेडफोन आजींच्या कानाला लावला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पोराकडं बघून मान हलवली.

तोच अभंग लॅपटॉपवर लावला. सूर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे पडत होता, म्हणजे पेटीवर नाहीच अशा जागी. दीड पट्टीच्या आसपास उतरलेला. दहा मिनिटं घड्याळ लावून नवं रेकॉर्डिंग केलं, तर फाइल निघाली १० मिनिटं ५३ सेकंदांची. ६५३ भागिले ६०० म्हणजे १.०८८. हा आकडा बघितल्यावर मला डेक उघडायची गरज उरली नाही. ४८ ला ४४.१ नं भागलं की हाच येतो.

सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे, म्हणजे तो किती वेळा मोजायचा, याची दोन घराणी आहेत. सीडीचं ४४,१०० चं आणि व्हिडिओच्या जगातलं ४८,००० चं. ४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपवरून आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, एका ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं. गुणून बघा, ४४,१०० च येतात. या दोन दरांचं नातं १४७ ला १६० असं अडनिडं आहे, एकाच क्रिस्टलवरून दोन्ही सरळ भागून मिळत नाहीत. म्हणून चांगल्या बोर्डावर घड्याळाचे ठोके देणारे दोन ऑसिलेटर असतात: ४४.१ साठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ, ४८ साठी २४.५७६. दोन्ही त्या त्या दराच्या बरोबर ५१२ पट.

पोराच्या बोर्डावरही दोन होते आणि चौथ्या बटणानं त्यातला एक निवडायचा होता. घड्याळाचे ठोके चिपच देत होती, रास्पबेरी पाय नुसता त्यांच्या मागं चालत होता. बटण ४४.१ कडं होतं, पायलाही ४४.१ च सांगितलेलं. मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून डावं-उजवं ठरवणाऱ्या घड्याळाच्या पिनवर टोक टेकवलं. ४८.०० किलोहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने येत होते आणि फाइलवर लिहिलं जात होतं ४४,१००. तेच नमुने सावकाश वाजणार, आवाज जाड होणार.

भिंग घेऊन दोन्ही चंदेरी डब्या बघितल्या. चार पायांच्या, एकाच मापाच्या, वर केसाएवढ्या अक्षरांत आकडे. अदलाबदल झाली होती. पोरानं भिंगातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही उपटून जागा बदलल्या, पंधरा मिनिटांचं काम.

तरी एक गोष्ट मला खटकत होती. पखवाजाची जोरातली थाप आली की आवाज कागदासारखा टरकन फाटायचा. पोरगं म्हणालं, टेप झिजली असेल. पण रेकॉर्डिंगची लेव्हल अर्ध्याखाली आणल्याबरोबर फाटणं पूर्ण बंद झालं. झिजलेली टेप असं करत नाही. मग डाव्या बाजूची आरसीए पिन काढली, तर लॅपटॉपवर उजवा आवाज गेला! तिथं उलगडलं. तिसरं बटण फॉरमॅटचं, म्हणजे चिपनं आकडे कुठल्या पद्धतीनं पाठवायचे ते ठरवणारं. चिप लेफ्ट जस्टिफाइड पद्धतीनं आकडे पाठवत होती आणि पाय आयटूएस या दुसऱ्या पद्धतीची वाट बघत होता. आयटूएसमध्ये पहिला बिट घड्याळाच्या एका ठोक्यानंतर येतो, त्यामुळे पाय दर वेळी पहिला बिट, म्हणजे आकडा अधिक की उणे हे सांगणारा चिन्हाचाच बिट, गमावत होता. बारीक आवाज नुसता दुप्पट मोठा होतो, कुणाच्या लक्षात येत नाही. मोठा आवाज मात्र वरच्या टोकाला जाऊन एकदम खालच्या टोकाला पडतो. डावं-उजवंही दोन पद्धतींत उलटं असतं. बटण खाली केलं, पॉवर बंद करून पुन्हा दिली, थाप स्वच्छ आली.

घड्याळ कुणी द्यायचं ते ठरवणारी, मास्टर-स्लेव्हची पहिली दोन बटणं त्यानं बरोबर लावली होती. त्यांच्याबद्दल एवढंच बजावलं की ती पॉवर द्यायच्या आधीच लावायची, चालू बोर्डावर फिरवायची नाहीत.

मी म्हटलं, आता सगळ्या कॅसेट पुन्हा घे. पोरगं गप्प झालं. एका कॅसेटची पट्टी रेकॉर्डिंग झाल्यावर डेकमध्ये गुंतून चुरगळली होती, तीन ठिकाणी तुटली होती. नेमकी पंढरपूरच्या वारीतल्या मुक्कामाची. तिची फक्त ती फाटकी फाइल उरली होती.

वेग दुरुस्त करणं सोपं होतं, नमुने सगळे शाबूत होते. फाइलच्या डोक्यावर ४४,१०० च्या जागी ४८,००० लिहिलं की झालं. फाटलेल्या थापांवर मी आणि तो संध्याकाळपर्यंत बसलो. लाट मोठी करून बघितली की कळायचं: चढत चढत जाते आणि एका नमुन्यात कड्यावरून पडावी तशी खाली येते. खरा आवाज असली उडी मारत नाही. म्हणजे तिथं खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा एक पूर्ण पट्टा आकड्यात मिळवला की लाट पुन्हा सलग होते. पहिल्या दहा थापा हातानं जोडल्या. मग पोरानं तेच काम करणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि शेवटची बस गाठायला दोघं उठली.

चार दिवसांनी फोन आला. "काका, झालं. ऐका." त्यानं फोन स्पीकरजवळ धरला. टाळ, पखवाज, वर आजोबांचा उंच, मोकळा आवाज. मी पेटीवर पांढरी चार दाबून धरली. पलीकडं आजी कुणाला तरी सांगत होत्या, "आता पखवाजवाला चुकतोय बघ."

आणि पुढच्याच आवर्तनात ठेका अडखळला.