किर्कलँडच्या कॅनमध्ये ऑइल कोणाचं असतं?

कॉस्टको या अमेरिकन दुकानसाखळीत तिच्याच किर्कलँड सिग्नेचर ब्रँडचं फुल सिंथेटिक इंजिन ऑइल घेतलं की एका खोक्यात पाच-पाच क्वार्टचे दोन कॅन मिळतात. वॉलमार्टच्या स्वतःच्या सुपरटेक ब्रँडचा कॅनही तेवढाच, म्हणजे ४.७३ लिटरचा. शेजारच्या फळीवरच्या नामवंत ऑइलपेक्षा दोन्ही चांगलीच स्वस्त. मग अमेरिकेत स्वतः गाडीचं ऑइल बदलणाऱ्यांच्या गप्पांत ठरलेला प्रश्न येतो: हे आतून मोबिल वन, म्हणजे मोबिलचं नावाजलेलं सिंथेटिकच असतं ना?

नाही. किर्कलँडच्या मागे नाव येतं वॉरन डिस्ट्रिब्यूशनचं. ही नेब्रास्कातल्या ओमाहाची कंपनी आणि 'मॅग १' हा तिचा स्वतःचा ब्रँड. अ‍ॅमेझॉन बेसिक्सचं ऑइलही तिथलंच, आणि सुपरटेकच्या संदर्भातही तिचंच नाव येतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डन गावची वॉरन ऑइल कंपनी मात्र वेगळी. आडनाव एक, घरं दोन. नेटवर या दोघींची सरमिसळ इतकी झालीय की 'वॉरनचं ऑइल' असं कोणी म्हणालं तर आधी गाव विचारावं. दुकानाचं कंत्राट बदललं की कॅनमधलं ऑइल बदलतं, लेबल तेच राहतं. त्यामुळे 'कोणाचं' याचं उत्तर मिळालं तरी ते त्या खेपेपुरतंच.

शिवाय अशा कंपनीचं काम असतं मिश्रणाचं. कच्च्या तेलाशी तिचा संबंध येत नाही. रिफायनरीकडून बेस ऑइल, म्हणजे मिश्रणाचं मूळ तेल, टँकरने येतं. त्यात अ‍ॅडिटिव्हचं तयार पॅकेज (झीज, गाळ वगैरे रोखणारी रसायनं) आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, सावरणारं पॉलिमर घालून, गरम करून ढवळायचं, तपासायचं, कॅन भरायचे. पॅकेज बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या चारच: लुब्रिझॉल, इन्फिनियम, अ‍ॅफ्टन आणि शेवरॉन ओरोनाइट. खरी अक्कल आणि खरा खर्च या चौघींकडे. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, हिचं लायसन्स मिळायला ऑइल खऱ्याखुऱ्या इंजिनांत चालवून दाखवावं लागतं. उदाहरणार्थ 'सीक्वेन्स ३एच' चाचणीत ३.६ लिटरचं क्रायस्लर व्ही-६ इंजिन ९० तास तापलेल्या ऑइलवर पळवतात आणि ऑइल किती घट्ट झालं, पिस्टनवर किती चिकटा साचला ते मोजतात. अशा चाचण्यांची अख्खी माळ असते आणि पैसाही तसाच लागतो. तो प्रत्येक मिश्रणवाल्याला परवडणार नाही, म्हणून पॅकेजवाली कंपनी चाचण्यांच्या निकालांसकट रेसिपी देते: अमुक बेस ऑइल, इतकं पॅकेज, इतकं पॉलिमर. एक बेस ऑइल काढून दुसरं कधी आणि किती घालायचं याचेही एपीआयचे नियम ठरलेले आहेत. दुकानाच्या ब्रँडचं ऑइल बरं निघतं ते एवढ्यामुळे, कोणी चोरून मोठ्या ब्रँडचं ऑइल भरतं म्हणून नव्हे.

बेस ऑइल शोधायला हौशी मंडळी सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातल्या रसायनांचं सुरक्षा-पत्रक, उघडतात. पुरवठादाराचं नाव तिथे मिळतं, तेवढं कामाचं. घटकांच्या रकान्यात मात्र बहुतेकदा ६४७४२-५४-७ हा नंबर दिसतो आणि लोक त्यावरून 'हे तर साधं मिनरल निघालं' असा निकाल देऊन मोकळे होतात. हा नंबर हायड्रोजनची प्रक्रिया केलेल्या जड पॅराफिनिक तेलाचा. बेस ऑइलचे दर्जानुसार ग्रुप पाडलेले आहेत. त्यातल्या ग्रुप २ आणि ग्रुप ३, दोन्हींना तोच लागतो. ६८०३७-०१-४ दिसला तर पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन, अस्सल सिंथेटिक बेस ऑइल) आहे एवढं नक्की, पण किती आहे ते टक्केवारीच्या रुंद पट्ट्यात लपलेलं असतं.

'सिंथेटिक' या शब्दाचंही तसंच. ग्रुप ३ म्हणजे सॅच्युरेट्स किमान ९० टक्के, गंधक ०.०३ टक्क्यांपर्यंत आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदललं तरी घट्टपणा किती टिकतो त्याचा आकडा) १२० किंवा त्याहून जास्त. येतं ते कच्च्या तेलातूनच, फक्त हायड्रोजनच्या दाबाखाली त्याचे रेणू तोडून नव्याने घडवलेले असतात. ग्रुप ४ म्हणजे पीएओ, रसायनांपासून बांधलेलं. नव्वदीच्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक ऑइलमध्ये पीएओच्या जागी ग्रुप ३ घातलं आणि मोबिलने तक्रार केली. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून अमेरिकेत ग्रुप ३ ला बिनदिक्कत फुल सिंथेटिक म्हणतात. आज महागड्या कॅनांतही तेच मोठ्या प्रमाणात असतं, तेव्हा दुकानाच्या ब्रँडला त्यावरून नाक मुरडण्यात अर्थ नाही. 'सिंथेटिक ब्लेंड' तर आणखी सैल शब्द. त्यात सिंथेटिक किमान किती असावं याला नियमच नाही.

मग बघायचं काय? कॅन उलटा करा. मागच्या लेबलवर एक गोल शिक्का असतो, त्याला डोनट म्हणतात. वरच्या कमानीत 'एपीआय सर्व्हिस' आणि पुढे दोन अक्षरं, मध्ये ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा घट्टपणाचा आकडा) आणि खालच्या कमानीत बहुधा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग'. ती दोन अक्षरं महत्त्वाची. 'एसपी' मे २०२० मध्ये आलं, 'एसक्यू' ३१ मार्च २०२५ पासून. पुढच्या बाजूला दातेरी कडेचा स्टारबर्स्ट शिक्का असतो, तो आयएलसॅक या वाहन कंपन्यांच्या समितीच्या जीएफ मानकांचा. ग्रेड ०डब्ल्यू-१६ असेल तर त्याच्या जागी ढालीच्या आकाराचा शिक्का. नुसता 'एपीआय एसपीच्या गरजा पूर्ण करतं' असा मजकूर म्हणजे डोनट नव्हे. एपीआयच्या वेबसाइटवर लायसन्सधारकांची यादी खुली आहे. ब्रँडचं नाव टाकून दोन मिनिटांत खातरजमा होते. जनरल मोटर्सची गाडी असेल तर डेक्सॉस या तिच्या स्वतःच्या ऑइल-मानकाचा शिक्का आणि त्याखालचा लायसन्स नंबर बघा. तिचा हा शिक्का अशा स्वस्त कॅनवरही सापडतो, आणि तो असेल तर दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांसाठीही माझं मत त्या कॅनकडे झुकतं, कारण त्याच्या चाचण्या एपीआयच्या वर आणखी असतात.

अक्षरं जुनी असली तर काय होतं ते टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कळतं. कमी आरपीएमवर जोर लावला की स्पार्क पडायच्या आधीच इंधन पेटतं आणि पिस्टनवरच्या रिंगांमधली कड तडकते. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट हे वाढवतं, म्हणून नव्या पॅकेजांत त्याच्या काही भागाची जागा मॅग्नेशियमने घेतली. टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही एसपीपासूनच आली. जुन्या कोरोलाला याने फरक पडत नाही. दीड लिटरच्या टर्बोला पडतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण डॉलर जनरल या अमेरिकन स्वस्त दुकानसाखळीचं. त्यांच्या दुकानी ब्रँडचं १०डब्ल्यू-४० ऑइल १९८८ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना चालणारं नव्हतं आणि साधं एसएई ३० तर १९३० नंतरच्या इंजिनांना नाही. इशारा होता, पण मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत, आणि कॅन मांडलेले चालू ऑइलच्या शेजारी. त्यावरून देशभर खटले झाले आणि शेवटी कंपनीने तडजोड केली. म्हणजे दुकानी ब्रँडमध्येही दोन जाती आहेत. भाव सारखेच स्वस्त, आणि फरक सांगणारा फक्त तो गोल शिक्का.

युरोपियन गाड्यांसाठी हात जरा आखडता घ्यावा. फोक्सवॅगन ५०४, मर्सिडीज २२९.५, बीएमडब्ल्यू एलएल-०१ या त्या कंपन्यांच्या ऑइल-मानकांची मंजुरी प्रत्येक ऑइलला गाडीच्या कंपनीकडून वेगळी घ्यावी लागते. स्वस्त ५डब्ल्यू-४० वर 'यासाठी योग्य' असं लिहिलेलं असतं आणि 'अप्रूव्हल' शब्द गायब असतो. हा शब्दच्छल नाही. पहिल्यात मिश्रणवाल्याचा स्वतःचा दावा असतो, दुसऱ्यात गाडीच्या कंपनीचं पत्र.

वॉरंटी जाईल ही भीती मात्र काढून टाका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे कंपनी स्वतःचं ऑइल फुकट देत नसेल तर विशिष्ट ब्रँडची सक्ती करता येत नाही. मॅन्युअलमधला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळलं पाहिजे. पावती, मीटरवरचे मैल आणि तारीख यांचा फोटो दर वेळी एका फोल्डरमध्ये टाका. कॅनवरचा बॅच नंबरही टिपा, तक्रार करायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच विचारतील.

एकदा ऑइल घातलं की इतके हजार मैल बघायला नको, अशा कॅनवरच्या मोठाल्या दाव्यांवर मात्र जाऊ नका. मॅन्युअलमधला ऑइल बदलण्याचा इंटरव्हल धरा, आणि रोज दोन-तीन मैलांच्याच फेऱ्या असतील तर 'सिव्हिअर', म्हणजे खडतर वापराचं, लवकर बदलायचं वेळापत्रक. इंजिन नीट तापलं नाही की पेट्रोल ऑइलमध्ये मुरतं आणि ते पातळ होऊन ५डब्ल्यू-३० चं बघता बघता २० होतं. खात्री हवी असेल तर इंडियानातल्या फोर्ट वेनच्या ब्लॅकस्टोनसारख्या लॅबकडे नमुना पाठवता येतो. गाडी फिरवून ऑइल गरम करा, ड्रेन बोल्ट काढा, पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेखाली बाटली धरा. अगदी पहिल्या धारेत चेंबरच्या तळाचा गाळ येतो आणि आकडे उगाच वाढतात. रिपोर्टमध्ये लोखंड वाढलं तर झीज, सिलिकॉन वाढलं तर बहुधा एअर फिल्टरच्या बाजूने धूळ. व्हिस्कॉसिटी खाली आणि फ्युएलचा आकडा वर असेल तर इंटरव्हल कमी करा, ब्रँड बदलून ते सुटणार नाही. एका रिपोर्टवरून दोन ब्रँडची तुलनाही करू नका. ड्रायव्हिंग, हवामान आणि फिल्टर यांचा फरक ब्रँडच्या फरकापेक्षा मोठा असतो.

भारतात याचा भाऊबंद म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नावाचं 'जेन्युइन ऑइल'. तेही कोणीतरी ऑइल कंपनीच बनवून देते. फरक इतकाच की पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांमुळे उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी डब्यावर छापावीच लागते, म्हणून ऑइल कोणाचं हे शोधायला डेटा शीट लागत नाही. तिथली डोकेदुखी वेगळी: रिकाम्या डब्यात भरलेलं डुप्लिकेट. तेव्हा गॅरेजमध्ये सील आपल्यासमोर फोडायला सांगा, आणि ऑइल ओतून झालं की डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडूनच निघा.